बोलिंगमध्ये नापास

लिंडेन क्रीक गावात ड्वेन स्टोडोलाला लहानथोर सगळे 'डॉक' म्हणतात. आता डॉक म्हणजे डॉक्टर, आणि ड्वेन काही डॉक्टर नव्हता. तो अँब्युलन्सवर होता. पडलेल्या-धडपडलेल्या माणसाला उचलायचं, वाटेत मरू द्यायचं नाही आणि चाळीस मैलांवरच्या इस्पितळाच्या दारात डॉक्टरच्या हवाली करायचं, हे त्याचं काम. "मी म्हणजे लग्नाची गाडी," तो स्वतःच सांगायचा. "चर्चच्या दारापर्यंत मी. आत उभा राहतो तो दुसराच."

या 'डॉक' नावाचं पाप त्याच्या आईचं. मिलो आणि अर्लीन स्टोडोला यांचा गावात बोलिंगचा हॉल होता. चेंडू सोडून पिना पाडायच्या आठ लाकडी पट्ट्या, मागे स्वयंपाकघर, आणि शुक्रवारी संध्याकाळी तळलेला मासा खायला निम्मं गाव. मिलो यंत्रं सांभाळायचा. अर्लीन गल्ल्यावर बसायची, भाड्याचे बूट द्यायची आणि माईकवरून बोलायची. माईक म्हणजे तिचा जीव की प्राण. "पाच नंबरची पट्टी, तुमचा मासा तयार आहे, गार करून खाल तर नावं ठेवू नका." "हेन्री, तुझी बायको फोनवर आहे. तू इथं नाहीस असं सांगायला मी काही तुझी नोकर नाही." असं तिचं चालायचं. ड्वेन मॅडिसनला कॉलेजात जायला निघाला त्या शुक्रवारी तिनं माईक हातात घेतला आणि दोनशे माणसांना सांगून टाकलं, "ऐका! आमचा पोरगा डॉक्टर व्हायला निघालाय!" लोकांनी टाळ्या वाजवल्या. ड्वेनला त्या वेळी टेबलाखाली जावंसं वाटलं. पुढं चौदा वर्षं त्याला रोजच तसं वाटत राहिलं, कारण गावानं नाव ठेवलं ते ठेवलंच.

कॉलेजात जाऊन त्यानं काय दिवे लावले? तर इकडे डॉक्टरकीच्या कॉलेजात शिरायचं तर आधी चार वर्षं साधं कॉलेज करावं लागतं, आणि त्या चार वर्षांची सरासरी जन्मभर पाठीला चिकटते. चारपैकी चार म्हणजे देवमाणूस. साडेतीन म्हणजे बरा. तीनच्या खाली गेलात तर प्रवेशाच्या खिडकीतली बाई आधी आकड्याकडे बघते, मग तुमच्याकडे, आणि मग घड्याळाकडे. ड्वेनची सरासरी होती दोन पूर्णांक चार.

कारण विचाराल तर कारण काही नाही. गरिबी नव्हती, दुखणं नव्हतं, प्रेमभंगसुद्धा नव्हता. बिअर होती, पत्ते होते, आणि सकाळी झोप फार गोड लागायची. पोरगा हुशार होता, पण हुशारी मापात घेतली नाही तर माणसाला गाढव करते. दुसऱ्या वर्षी रसायनशास्त्रात गटांगळ्या खाताना त्याला एक युक्ती सुचली. कॉलेजात बोलिंगचाही वर्ग होता. त्याचेही गुण धरायचे. ड्वेन पाळण्यात होता तेव्हापासून त्याचा पाळणा तीन आणि चार नंबरच्या पट्टीच्या मधे ठेवलेला असायचा. त्याला बोलिंग कोण शिकवणार? फुकटचे पूर्ण गुण, सरासरी आपोआप वर! त्यानं नाव घातलं.

वर्ग मंगळवारी सकाळी आठला होता. पहिल्या मंगळवारी तो उठला नाही. दुसऱ्या मंगळवारी म्हणाला, आपल्याला जायची काय गरज, शेवटच्या दिवशी जाऊन दहाच्या दहा पिना पाडून दाखवू. तिसऱ्या मंगळवारनंतर त्यानं मोजणंच सोडलं. नाव काढायचं असेल तर सहाव्या आठवड्याच्या आत एक कागद सही करून द्यावा लागतो, तोही त्यानं दिला नाही. वर्गाला गेलो नाही म्हणजे वर्ग सुटला, असा या शहाण्याचा हिशेब. पण तो वर्ग हजेरीवरच पास करायचा होता. नुसतं जायचं आणि बूट घालून उभं राहायचं. बोलिंगच्या हॉलमध्ये वाढलेला स्टोडोलांचा पोरगा बोलिंगमध्ये नापास झाला.

त्या काळात तो दर रविवारी चार वाजता घरी फोन करायचा. रविवारी चारला हॉल रिकामा असतो, म्हणून अर्लीननंच ती वेळ ठरवलेली. ती विचारायची, "कसा चाललाय अभ्यास?"

"एकदम झकास, मा."

"पास होशील ना सगळ्यात?"

"म्हणजे काय! तू काळजी करू नकोस."

गुणांचं पत्रक तेव्हा टपालानं घरी जायचं. नाताळच्या सुट्टीत ड्वेन मुद्दाम दोन दिवस आधी आला आणि रोज सकाळी पोस्टमनच्या आधी पेटीपाशी जाऊन उभा राहिला. पत्रक आलंच नाही. नाताळ गेला, नवं वर्ष लागलं, तरी नाही. बर्फात कुठं गळालं असेल, देव आपल्या बाजूनं आहे, असं म्हणून तो खूश झाला. सुट्टीभर त्यानं चेंडूला हात लावला नाही. "मनगट दुखतंय," म्हणाला. अर्लीन म्हणाली, "एक डाव तरी खेळ की रे, तुझे बूट पुसून ठेवलेत." तो म्हणाला, "पुढच्या खेपेला, मा."

पुढच्या खेपा झाल्या, पण मनगट काही बरं झालं नाही. मग पुढच्या वर्षीच्या थंडीत अर्लीनच आजारी पडली. कर्करोग सापडला तेव्हा सगळीकडे पसरलेला होता. एप्रिलमध्ये ती गेली. माईक त्या दिवसापासून बंद. मिलो मासा तयार झाला की स्वयंपाकघराच्या दारातून ओरडायचा.

ड्वेननं कसंबसं कॉलेज संपवलं, अँब्युलन्सचं शिक्षण घेतलं आणि गावी येऊन कामाला लागला. तिथं मात्र त्याचं चित्त लागलं. हे त्याचं त्यालाच नवल. रात्री-अपरात्री उठायचा, ज्याला सकाळी आठला उठवत नव्हतं तो. मग काही वर्षांनी गावचे म्हातारे डॉक्टर निवृत्त होऊन फ्लोरिडाला गेले, त्यांच्या दवाखान्यात मासेमारीच्या आमिषांचं दुकान निघालं, आणि चाळीस मैलांच्या आत डॉक्टर म्हणून उरला तो फक्त हा नावाचा डॉक. लोक गॅरेजच्या दाराशी येऊन पायाचं बोट दाखवायचे. "डॉक, हे काळं पडलंय, चालेल का?" ड्वेन सांगायचा, "चालत नाही. गाडीत बसा." आणि त्यांना चाळीस मैल नेऊन पोचवायचा.

"तूच का नाही होत रे खरा?" बर्नी एकदा म्हणाली. बर्नी म्हणजे बर्नाडेट, अँब्युलन्सची चालक, वय पंचावन्न, तोंड तिखट. "वीस वर्षं अँब्युलन्स चालवतेय, डॉक्टर ढिगानं पाहिलेत. तुझ्यापेक्षा गाढव होते ते."

"माझी सरासरी दोन पूर्णांक चार आहे, बर्नी."

"म्हणजे किती?"

"म्हणजे, अंगातली उष्णता असती तर माणूस गारठून मेला असता इतकी कमी."

तरी त्यानं मनावर घेतलं. संध्याकाळी जवळच्या छोट्या कॉलेजात अठरा वर्षांच्या पोरांच्या मांडीला मांडी लावून रसायनशास्त्र पुन्हा केलं, या वेळी पहिल्या बाकावर बसून. पोरं त्याला 'सर' म्हणायची. सगळीकडे पूर्ण गुण मिळवले. प्रवेशपरीक्षेतही चांगले गुण आले. पण जुनी सरासरी मोठी खट्याळ. काळ्या कॉफीच्या किटलीत चमचाभर दूध घालावं तशी ती जेमतेम दोन पूर्णांक सातला आली आणि तिथं बसली.

मग त्या छोट्या कॉलेजातल्या सल्लागार बाईंनी त्याला अक्कल शिकवली. अर्जासोबत एक निबंध लिहायचा असतो, मला डॉक्टर का व्हायचंय याचा. बाई म्हणाल्या, "गुण कमी आहेत तर कहाणी हवी. घरी काही दुःख?"

"आई वारली. कॉलेजात असताना."

"वा!" बाई म्हणाल्या, आणि लगेच तोंडावर हात ठेवला. "म्हणजे, अरेरे. पण ही तुमची कहाणी. आईचं आजारपण, त्यात अभ्यासाची आबाळ. तारखा घालायची गरज नाही."

ड्वेननं तारखा घातल्या नाहीत. लिहिलं, की आईच्या दुखण्याच्या छायेत माझे गुण कोमेजून गेले. कोमेजून! लिहिताना त्याचे त्यालाच कान गरम झाले. आजारपणाच्या वर्षी खरं तर त्याचे गुण थोडे वाढलेच होते, कारण दवाखान्याच्या बाकावर दुसरं काही करायला नसायचं. पण बारा कॉलेजांना अर्ज गेला आणि बारांकडून नकार आला. पुढच्या वर्षी चौदांना गेला, चौदांचा नकार. तिसऱ्या वर्षी तो म्हणाला, हा शेवटचा, नाहीतर अँब्युलन्स आहेच. त्या वर्षी एका कॉलेजानं मुलाखतीला बोलावलं. नवं कॉलेज होतं, खेड्यापाड्यांसाठी डॉक्टर तयार करणारं, गाडीनं तीन तासांवर.

मुलाखत फेब्रुवारीतल्या मंगळवारी, सकाळी आठला होती. ड्वेन पाचलाच तिथं पोचला आणि गाडीतळावर इंजिन चालू ठेवून बसून राहिला. अंगात मिलोचा सूट, जो मिलोनं फक्त मयतींना घातलेला. बाह्या मनगटाच्या चार बोटं वर. बर्नीनं निघताना सांगितलं होतं, "हात टेबलाखाली ठेव. आणि ते प्रेतासारखं तोंड सूटवर शोभून दिसतंय, तसंच राहू दे."

समोर डॉक्टर हॅल्व्हरसन नावाच्या वयस्कर बाई होत्या आणि शेजारी एक तरुण माणूस, लिहून घ्यायला. बाईंनी तासभर विचारलं. रस्त्यावर बाळंतपण केलंय का, नदीच्या बर्फाखालून काढलेला माणूस जगला का. ड्वेननं सगळं सांगितलं आणि ते सगळं खरं होतं, त्यामुळं त्याला घाम आला नाही. मग बाईंनी चष्मा लावून गुणपत्रिका उचलली.

"रसायनशास्त्र समजू शकते मी," त्या म्हणाल्या. "रसायनशास्त्रात चांगली चांगली माणसं पडतात. पण बोलिंग? मी मिनेसोटाची. आमच्याकडे बोलिंगमध्ये नापास व्हायचं तर मेहनत घ्यावी लागते."

तरुण माणूस खाली बघून हसला. ड्वेनही हसला. हसताना त्याला वाटलं, संपलं, आता घरी जाऊ या.

पण बाई मऊ झाल्या. "दोन हजार सहाचा हिवाळा," त्या म्हणाल्या. "तुमच्या आई आजारी होत्या ना तेव्हा? निबंधात लिहिलंय तुम्ही." आणि त्यांनी टेबलावरचा कागदी रुमालांचा डबा हळूच त्याच्या बाजूला सरकवला.

फक्त 'हो' म्हणायचं होतं. म्हणायचंही नव्हतं, नुसती मान हलवायची आणि एक रुमाल काढायचा. कोण तपासणार? गावात कुणाला तारीख पाठ होती? तिसरा अर्ज, शेवटची संधी, दोनशे माणसांसमोर माईकवरून केलेली घोषणा, सगळं त्या एका होकारावर होतं. ड्वेननं डब्याकडे पाहिलं. त्याला अर्लीन दिसली, त्या डिसेंबरातली, फावडं घेऊन, गालांचे टोमॅटो झालेले.

"नाही, मॅडम," तो म्हणाला. "ठणठणीत होती. त्या नाताळात तिनं एकटीनं सगळ्या गाडीतळावरचं बर्फ उपसलं होतं. मी झोपलो होतो."

बाईंनी चष्मा काढला. "मग निबंधात?"

"निबंधात मी तिला वर्षभर आधीच आजारी पाडलं."

तरुण माणसाचं लिहिणं थांबलं. ड्वेनला वाटलं, आता तोंड उघडलंच आहे तर सगळंच बाहेर येऊ दे. "दर रविवारी मी घरी फोन करायचो. ती विचारायची, अभ्यास कसा चाललाय. मी म्हणायचो, झकास. वर्ग सकाळी आठचा होता, मॅडम. मी एकदाही गेलो नाही. कारण दुसरं काही नाही. आळशी होतो आणि स्वतःला फार शहाणा समजत होतो. मग ती खरीच आजारी पडली, आणि मेलेल्या माणसाला काय सांगायचं. उलट मी तिच्या दुखण्याचाच रुमाल करून तोंड पुसलं. तीन वर्षं."

"हे तुम्ही आधी कुणाला सांगितलंय?"

"तुम्हीच पहिल्या."

"वडिलांनाही नाही?"

"मॅडम, ते बोलिंगचा हॉल चालवतात."

बाईंना हसू आलं का राग, ते ड्वेनला कळलं नाही. त्यांनी फक्त कागदावर काहीतरी लिहिलं, बराच वेळ लिहिलं, आणि "रस्ते निसरडे आहेत, सावकाश जा," म्हणाल्या. ड्वेन गाडीत येऊन बसला आणि स्वतःला म्हणाला, "शाबास रे स्टोडोला! दोन वर्षं खोटं बोलून दारापर्यंतही पोचता आलं नाही, आणि दारात पोचल्यावर तुला खरं बोलायची हुक्की आली." पेट्रोलपंपावर त्यानं एक गार सँडविच घेतलं आणि निम्मं फेकून दिलं.

गावी पोचला तेव्हा दुपारचा एक वाजला होता. हॉलमध्ये मिलो एकटाच, पट्ट्यांना तेल लावत होता.

"काय झालं?" मिलो म्हणाला.

"गेलं, पा. माझ्याच हातानं घालवलं."

"काय बोललास?"

ड्वेन गल्ल्याला टेकून उभा राहिला. परक्या बाईला सांगितलं आणि बापाला नाही, हे त्याला वाटेतल्या प्रत्येक मैलाला टोचत होतं. "पा, मी कॉलेजात बोलिंगमध्ये नापास झालो होतो."

मिलोनं फडकं खाली ठेवलं. म्हातारा आता काय बोलतो याची ड्वेन वाट बघत राहिला. मिलो गल्ल्याच्या मागं गेला, बुटांच्या फळीवर अगदी वरच्या कोपऱ्यातल्या खणात हात घातला आणि अकरा नंबरचा एक जोड काढून समोर ठेवला. ड्वेनचे स्वतःचे बूट. मागं अर्लीननं शिवून घेतलेली नावाची अक्षरं. बारा वर्षं कुणी हात लावला नव्हता, तरी धूळ नव्हती.

"घाल."

"पा, मला आता खेळायचा अजिबात मूड नाही."

"खेळ म्हणतंय कोण? घाल म्हटलं ना!"

ड्वेन बाकावर बसला. डावा घातला. उजव्यात पाय घालायला गेला तर बोटांना काहीतरी अडलं. हात घालून काढलं तर चार घड्या घातलेलं पाकीट निघालं. त्याच्याच नावाचं, कॉलेजच्या शिक्क्याचं, डिसेंबर दोन हजार सहाचं. आत गुणांचं पत्रक, रसायनशास्त्राखाली खूण नाही, जीवशास्त्राखाली खूण नाही, फक्त बोलिंगपुढच्या नापासाभोवती गुबगुबीत लाल गोल. आणि खाली अर्लीनचं तिरकं अक्षर: 'ड्वेन!! बोलिंग??? सांगशील तेव्हा बोलू. मा.'

"पोस्टमन आधी आमच्याकडे यायचा ना, हॉलवर," मिलो म्हणाला. "तू तिकडे घरच्या पेटीपाशी कुडकुडत उभा. ती खिडकीतून बघून हसायची. मी म्हटलं, कान पिळतो कार्ट्याचा. तर म्हणाली, नाही, बुटात ठेवते. खेळायला आला की सापडेल, सापडलं की स्वतःच बोलेल. तू खेळलाच नाहीस."

"मनगट दुखतंय म्हणालो मी."

"हो. मनगट!" मिलोनं नाक शिंकरलं. "दर रविवारी तुझा फोन खाली ठेवला की म्हणायची, आज नाही बोलला. पुढच्या रविवारी बोलेल."

"आणि तुम्ही? तुम्ही का नाही सांगितलंत मला?"

"तिनं ठेवलं होतं. मी कोण हलवणारा?"

एका पायात बोलिंगचा बूट, अंगात मयतीचा सूट, अशा थाटात ड्वेन त्या बाकावर बसून ढसाढसा रडला. बत्तीस वर्षांचा बाप्या, पण त्याला त्याची लाज वाटली नाही. मिलो शेजारी येऊन बसला, त्याच्या पाठीवर दोन थापा मारल्या, आणि जरा वेळानं म्हणाला, "बाकी सगळं जाऊ दे. पण बोलिंगमध्ये? गावात तोंड कसं दाखवू मी?"

कॉलेजचं पत्र मार्चमध्ये आलं. नकार नव्हता, होकारही नव्हता. नाव प्रतीक्षा यादीत. म्हणजे वऱ्हाडात आहात, पण पंगतीत पाट मांडलेला नाही, कुणी उठलं तर बसा. गावाला चघळायला विषय मिळाला. "डॉक, रांगेत कितवा रे?" "डॉक, माझी नात डॉक्टर व्हायला निघालीय, तिचं लग्न लावून देऊ का? एक जागा रिकामी होईल." आणि मिलोनं काही पोटात ठेवलं नव्हतं, त्यामुळं चेंडू पट्टीच्या कडेच्या पन्हळीत गेला की लोक म्हणायला लागले, "हा डॉकचा नेम!" ड्वेन सगळं ऐकून घ्यायचा, वर स्वतःचीच भर घालायचा. पण फोन वाजला की हातातलं काम टाकून आधी तो उचलायला धावायचा. एप्रिल गेला, मे, जून. बर्नी म्हणाली, "आता येणार नाही. चल, टायर बदलू."

जुलैच्या अखेरीस टायर बदलत असतानाच फोन आला. डॉक्टर हॅल्व्हरसन स्वतः बोलत होत्या.

"एक जागा झालीय," त्या म्हणाल्या. "मंडळात दोघांचा विरोध होता, तुमच्या कानावर घालते. ते म्हणाले, निबंधात खोटं लिहिणारा माणूस नको. मी म्हटलं, खोटं लिहिणारे सगळेच आहेत, समोर रुमाल ठेवल्यावर परत घेणारा हा पहिला. पण मला एका गोष्टीची शंका आहे, मिस्टर स्टोडोला. आमचे वर्ग सकाळी आठला सुरू होतात."

"येईन, मॅडम," ड्वेन म्हणाला. हाताला लागलेलं काळं वंगण त्यानं कानाला फासलं होतं, ते त्याला संध्याकाळपर्यंत कळलं नाही. "साडेसातलाच येईन."

बर्नीनं पाना खाली टाकला आणि गॅरेजमध्ये भोंगा सुरू केला. दोन मिनिटांत निम्मं गाव धावत आलं, कोण मेलं बघायला.

ऑगस्टमध्ये तो गेला. मिलोनं निरोपाला फार काही केलं नाही, गाडीत कोलाचे नावाच्या जर्दाळू भरलेल्या गोड पावांचा बॉक्स ठेवला, आणि अकरा नंबरचे बूट. ड्वेन वर्गात सगळ्यांत थोराड होता. बाकीच्यांची सरासरी ऐकून त्याला आपण चुकून दुसऱ्याच लग्नात जेवायला बसलोय असं वाटायचं. रोज आठला पहिल्या बाकावर हजर. रात्री हाडांची नावं पाठ करताना डोळ्यांत पाणी यायचं, कारण सकाळी ती पुन्हा कोरी असायची. सप्टेंबरात शरीररचनेची पहिली चाचणी झाली. सत्तरला पास होतं. ड्वेनला अठ्ठावन्न पडले.

शुक्रवारी निकाल लागला. शनिवारभर तो खोलीत पडून राहिला. रविवारी चार वाजता त्यानं हॉलला फोन लावला.

"स्टोडोला बोलिंग," मिलो म्हणाला.

"पा, मी."

"हं. कसा चाललाय अभ्यास?"

'झकास' हा शब्द जिभेवर येऊन बसलासुद्धा. तेरा वर्षांची सवय, ती काय अशी जाते? ड्वेननं तो गिळला.

"नापास झालो, पा. पहिल्याच चाचणीत. बारा गुणांनी."

"वर्गाला जातोस?"

"रोज. आठला."

"पुन्हा देता येते?"

"पुढच्या गुरुवारी."

"थांब जरा. फोन ठेवू नकोस."

फोन गल्ल्यावर ठेवल्याचा आवाज आला. मग काहीतरी शोधाशोध, खोकला, आणि एक खट् असा आवाज, जो ड्वेननं अकरा वर्षांत ऐकला नव्हता. माईक सुरू झाला होता. रविवार, चारची वेळ, आठही पट्ट्या रिकाम्या, हॉलमध्ये चिटपाखरू नाही. मिलोचा घोगरा आवाज भिंतींवर आदळून फोनमध्ये आला:

"अर्लीन, पोराचा फोन आहे. नापास झालाय. स्वतःहून सांगतोय."

माईक बंद झाला. ड्वेननं फोन कानाला घट्ट दाबून धरला होता.

"हं, झालं," मिलो फोनवर म्हणाला. "कळवलंय. आता ठेव, आणि अभ्यासाला बस."